नव्या सत्राच्या संधी कुणाच्या वाट्याला येतात?

जून सरत आला की कर्वेनगरात कमिन्स कॉलेजकडे जाणारा रस्ता पुन्हा गजबजतो. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात अभियांत्रिकी, वास्तुकला, व्यवस्थापन, फॅशन तंत्रज्ञान अशा वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या मुली परततात. प्रवेशफेऱ्या, कटऑफ, वसतिगृह आणि शुल्क यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत रोज येतात. त्याच आठवड्यांत स्टाफरूमच्या फलकावर आणि प्राचार्यांच्या मेलमधून आणखी काही बातम्या येऊन धडकतात. नवे वर्कलोड, एफडीपीची (शिक्षक विकास कार्यक्रमांची) निमंत्रणे, कॅसचे म्हणजे बढतीचे अर्ज, पीएच.डी. मार्गदर्शकाची मान्यता, संशोधन निधीच्या मुदती, तासिका तत्त्वावरच्या मुलाखती, शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे बदल. या बातम्या शिकवणाऱ्यांच्या आणि कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय सांभाळणाऱ्यांच्या असतात. त्यांची चर्चा आवाराबाहेर फारशी होत नाही.

ती व्हायला हवी, कारण मुलींना काय आणि कसे शिकवले जाणार हे पुष्कळसे त्यावरच ठरते. गेल्या दहा वर्षांत महाविद्यालयातल्या माणसांसाठी योजना, अभ्यासक्रम आणि निधी यांची दारे बरीच उघडली. परंतु आत जाण्यासाठी हाताशी मोकळा वेळ लागतो आणि नोकरीची शाश्वती लागते. ही दोन्ही ज्यांच्याजवळ आहेत त्यांनाच संधी मिळते, बाकीच्यांना परिपत्रक वाचायला मिळते. हा आढावा याच कसोटीवर घेतला आहे.

हिंगण्याचा वारसा

कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम, म्हणजे आजच्या संस्थेचे मूळ, सुरू केला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला आणला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा आणि 750 रुपये दिले, त्यातून आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे 1891 पासून 1914 पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. तिथले तास आटोपून ते हिंगण्यापर्यंत पायी येत आणि आश्रमातल्या मुलींना शिकवत. 1907 मध्ये महिला विद्यालय निघाले. पाठोपाठ, 1908 च्या सुमारास, त्यांनी निष्काम कर्म मठाची स्थापना केली. या कामाला आयुष्य वाहणारे स्त्री-पुरुष सेवक तयार करणे हा मठाचा उद्देश होता. शाळा वाढवायची तर आधी ती चालवणारी माणसे घडवावी लागतात, हे कर्व्यांनी इतक्या लवकर ओळखले होते.

पार्वतीबाई आठवले यांचे उदाहरण इथे मुद्दाम आठवावे. त्या आनंदीबाई तथा बाया कर्वे यांच्या बहीण. वैधव्य आल्यानंतरच त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे त्या आश्रमाच्या कामात पडल्या, संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. इंग्रजी येत नाही म्हणून काम अडते, असे वाटल्यावर 1918 मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून पोट भरत इंग्रजी शिकल्या. कामावरच्या एका स्त्रीने कामासाठीच पुन्हा शिकायला जाणे, याचा याहून ठसठशीत दाखला कर्वेनगराच्या इतिहासात सापडणार नाही.

1916 मध्ये याच हिंगण्यात भारतातले पहिले महिला विद्यापीठ सुरू झाले. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांच्या मनात ही कल्पना आली होती. पहिल्या वर्षी महाविद्यालयात पाचच विद्यार्थिनी होत्या. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाखांची देणगी दिली, विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि 1936 मध्ये त्याचे मुख्यालय मुंबईला गेले.

या इतिहासाबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ही संस्था अल्प वेतनावर राबणाऱ्यांच्या त्यागावर उभी राहिली. तो त्याग त्यांनी स्वेच्छेने पत्करला होता. आज घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेचे शुल्क भरणाऱ्या प्राध्यापकाकडून किंवा लिपिकाकडून तोच त्याग गृहीत धरता येणार नाही. स्वतःच्या वाढीसाठी लागणारा वेळ आणि पैसा हा आज त्यांचा हक्क आहे. पार्वतीबाईंना पोटासाठी घरकाम करत शिकावे लागले, तसे आजच्या एखादीला करावे लागू नये.

वर्कलोडच्या कागदावर

सत्राची खरी सुरुवात वर्कलोडच्या कागदाने होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार शिक्षकाने आठवड्याला 40 तास, वर्षाला किमान 30 आठवडे, म्हणजे 180 अध्यापन दिवस काम करायचे असते. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहाय्यक प्राध्यापकाला 16 तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला 14 तास. उरलेल्या 24-26 तासांत तयारी, प्रात्यक्षिकांच्या वह्या, अंतर्गत मूल्यमापन, समित्या, नॅकची कागदपत्रे, विद्यार्थिनींचे मार्गदर्शन आणि संशोधन बसवायचे. व्यवहारात संशोधन सर्वांत शेवटी येते आणि बहुधा घरी नेले जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या कागदाची मांडणी बदलली. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभागांत 2023-24 पासून, तर संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी श्रेयांकरचना लागू झाली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग असे नवे रकाने वेळापत्रकात आले. एका श्रेयांकाला वर्गातले 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास मोजतात. जुन्या विषयांचे तास घटले की त्या विषयाच्या शिक्षकाचे वर्कलोड भरत नाही, आणि मग त्याच्याकडे कधीच न शिकवलेला एखादा ओपन इलेक्टिव्ह येतो. ऑन जॉब ट्रेनिंगसाठी कंपन्या शोधणे, त्यांच्याशी करार करणे आणि मुलींच्या भेटी ठेवणे हे कामही त्याच्याच गळ्यात पडते, आणि बहुतेक ठिकाणी ते वर्कलोडमध्ये धरले जात नाही.

यातच एक मोठी संधीही आहे. नवा विषय शिकवणारा शिक्षक पहिल्यांदाच स्वतः अभ्यासक्रम लिहितो. वास्तुकलेची प्राध्यापिका वाणिज्याच्या मुलींना शहरनियोजनाची तोंडओळख करून देऊ शकते. अभियांत्रिकीची प्राध्यापिका कला शाखेच्या मुलींना आकडेवारी वाचायला शिकवू शकते. कर्वेनगरासारख्या एकाच आवारात इतक्या शाखा नांदत असतील तर त्यांच्यातली देवाणघेवाण इतर ठिकाणांपेक्षा सोपी जायला हवी. मात्र नवा विषय उभा करायला निदान एका सत्राचा तयारीचा वेळ द्यावा लागतो. तो न देता विषय वाटले गेले की संधीचे ओझे होते.

प्रशिक्षण: दारे बरीच, रजा थोडी

महाविद्यालयीन शिक्षकांना नोकरीत असताना प्रशिक्षण द्यावे, हा विचार 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आला आणि विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू झाली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. सप्टेंबर 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम जाहीर झाला आणि देशभरातली 111 केंद्रे त्याखाली आली. भारतीय ज्ञानप्रणाली, शैक्षणिक नेतृत्व, संशोधन, कौशल्यविकास, सर्वसमावेशक शिक्षण, माहिती तंत्रज्ञान अशा आठ विषयसूत्रांवर तिथे कार्यक्रम चालतात. नव्या शिक्षकांसाठी महिनाभराचा गुरुदक्षता कार्यक्रम असतो, जुन्यांसाठी दोन आठवड्यांचे रिफ्रेशर असतात. पुष्कळसे कार्यक्रम ऑनलाइन झाल्यामुळे पुण्याबाहेर राहण्याचा खर्च वाचला.

दुसरे दार स्वयंचे. 2017 मध्ये सुरू झालेल्या या ऑनलाइन व्यासपीठावर एनपीटीईएलचे 4, 8 आणि 12 आठवड्यांचे अभ्यासक्रम जुलै आणि जानेवारीच्या सत्रांत येतात. नावनोंदणी मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी तंत्रशिक्षण परिषदेची अटल अकादमी आठवडाभराचे एफडीपी घेते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन छात्रवृत्ती असते, तिचा लाभ शिक्षकांनाही मिळतो. आणि पुण्यातच, विद्यापीठाच्या आवारात, 1988 पासून आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. खगोलशास्त्रात रस असलेल्या महाविद्यालयीन शिक्षकाला तिथे सहयोगी म्हणून नियमित जाऊन काम करता येते. मोठ्या संशोधन संस्थेची साधने लहान महाविद्यालयातल्या शिक्षकाला खुली करणारी अशी योजना दुर्मीळ आहे. पुण्याच्या विज्ञान शिक्षकांनी तिचा जास्त फायदा घ्यायला हवा.

एवढी दारे असताना अडते कुठे? रजेवर. आयोगाच्या नियमांत शैक्षणिक वर्षात 30 दिवसांपर्यंत ड्युटी लीव्हची तरतूद आहे. पण दोन आठवड्यांच्या रिफ्रेशरला गेलेल्या शिक्षिकेचे 32 तास कोण घेणार, याचे उत्तर नियमात नाही. सहकारी घेतात आणि परत आल्यावर तिने ते फेडायचे असतात. ऑनलाइन कार्यक्रमात तर ड्युटी लीव्ह मिळेलच असे नाही. सकाळी वर्ग, दुपारी लॅपटॉपसमोर प्रशिक्षण, संध्याकाळी घर आणि रात्री असाइनमेंट असा दोन आठवड्यांचा दिनक्रम अनेकींनी काढला आहे. बदली शिक्षकाची तजवीज आधीच केलेली असेल तर प्रशिक्षणाला अर्थ राहतो. ती नसेल तर शिकणाऱ्याच्या हाती फक्त प्रमाणपत्र उरते.

प्लेसमेंटचे गणित

स्टाफरूममध्ये बढतीला सर्रास प्लेसमेंट म्हणतात. कागदावर ती करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, बोलीत कॅस. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत सहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन लेव्हल 10 ला 57,700 रुपयांपासून सुरू होते. लेव्हल 11 ला 68,900, लेव्हल 12 ला 79,800, सहयोगी प्राध्यापकाला, म्हणजे लेव्हल 13 अ ला 1,31,400 आणि प्राध्यापकाला, म्हणजे लेव्हल 14 ला 1,44,200. महाराष्ट्रात मार्च 2019 च्या शासन निर्णयाने ही रचना लागू झाली. लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षे, नसेल तर सहा. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. अनिवार्य. प्राध्यापक होण्यासाठी किमान 10 प्रकाशने आणि 110 संशोधन गुण.

यातली 79,800 पासून 1,31,400 पर्यंतची उडी बघितली की अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाला पीएच.डी. का लागते, हे कळते. ती फक्त विद्वत्तेची पदवी उरलेली नाही, घराचे अंदाजपत्रक तिच्यावर ठरते. 1 जुलै 2023 पासून सहाय्यक प्राध्यापकाच्या नेमणुकीला नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता झाली आणि पीएच.डी. ऐच्छिक ठरली. म्हणजे नोकरीत शिरताना सेट पुरते, वर चढताना पीएच.डी. लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठच घेते, त्यामुळे पुण्यातल्या उमेदवारांना तिची माहिती लवकर पोहोचते. पीएच.डी. मात्र नोकरी सांभाळून करावी लागते. 2022 च्या नियमांनी अर्धवेळ पीएच.डी.ला संस्थेच्या ना हरकत प्रमाणपत्रावर परवानगी दिली. मार्गदर्शकाला मिळणारे विद्यार्थीही ठरलेले आहेत: सहाय्यक प्राध्यापकाला चार, सहयोगी प्राध्यापकाला सहा, प्राध्यापकाला आठ. सत्र सुरू होताना पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघते तेव्हा मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हाच पहिला प्रश्न असतो.

जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नेमणुका आणि बढतीच्या नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला. निव्वळ गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांतल्या लक्षणीय योगदानावर भर द्यावा, असे त्यात सुचवले आहे. कुलगुरू निवडीच्या तरतुदींवरून अनेक राज्यांनी मसुद्याला विरोध केला. शिक्षकाचे काम आकड्यांत बसवण्याच्या धडपडीने गेल्या पंधरा वर्षांत किती कागद वाया गेले, हे ज्याने एपीआयची, म्हणजे बढतीच्या गुणांची, फाईल बांधली आहे त्याला सांगावे लागत नाही. योगदान पाहण्याची कल्पना चांगली आहे. मात्र ते कोण पाहणार आणि कोणत्या पुराव्यावर, हे आधी ठरायला हवे.

संशोधन आणि ग्रंथालय

एकेकाळी महाविद्यालयीन शिक्षकाचे संशोधन लहान निधीवर चाले. आयोगाचे मायनर रिसर्च प्रोजेक्ट आणि पुणे विद्यापीठाच्या बीसीयूडीची मदत यांतून कितीतरी जणांनी पहिले सर्वेक्षण केले, पहिले उपकरण घेतले. आयोगाची ती योजना बंद पडली. त्यानंतर 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले आणि त्यात विज्ञान व अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणारे जुने एसईआरबी विलीन झाले. पाच वर्षांत 50,000 कोटींचे उद्दिष्ट असले तरी त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून उभा करायचा आहे. राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालयांपर्यंत संशोधन पोहोचवण्याचे त्याचे ध्येय आहे. ते किती साधते, हे कर्वेनगरातल्या एखाद्या प्राध्यापिकेचा अर्ज मंजूर होतो का, यावरून कळेल.

प्रकाशनाची नियमावलीही बदलली. दर्जेदार नियतकालिकांची यूजीसी केअर यादी जून 2019 मध्ये सुरू झाली आणि तिच्या छाननीचे काम पुणे विद्यापीठातल्या प्रकाशन नीतिमत्ता केंद्राकडे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि नियतकालिक निवडण्याची जबाबदारी शिक्षक व संस्थांवर सोपवली. नव्या शिक्षकासाठी हा धोक्याचा काळ आहे. चार हजार घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिके त्याच्या मेलवर रोज दार ठोठावतात. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विभागाने आपल्या विषयाची विश्वासार्ह नियतकालिके कोणती, यावर एक बैठक घेतली तर अनेकांचे पैसे आणि नाव वाचेल.

ग्रंथालयांच्या बाबतीत एक दरी उघड दिसते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके. जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली, पण केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. कर्वेनगरातल्या विनाअनुदानित महाविद्यालयांच्या शिक्षकांना ती खुली नाही. त्यांना पुण्यात असल्याचा फायदा मात्र आहे: जयकर ग्रंथालय, 1917 ची भांडारकर संस्था, 1930 ची गोखले संस्था, डेक्कन कॉलेज. महाविद्यालयाने ओळखपत्राची शिफारस आणि प्रवासखर्च दिला तर ही सारी दालने उघडतात. संशोधनाचा पहिला खर्च असाच लहान असतो आणि संस्थेच्या अर्थसंकल्पात तोच सहज विसरला जातो.

तासिका तत्त्व: संधीच्या बाहेरचे लोक

आतापर्यंतच्या जवळजवळ सर्व सोयी पूर्णवेळ शिक्षकासाठी आहेत. राज्यात 2017 पासून पदभरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर 2018 मध्ये सहाय्यक प्राध्यापकांच्या 3,580 पदांना आणि 2021 मध्ये 2,088 पदांना मान्यता मिळाली, पण निवृत्तीचा वेग भरतीपेक्षा जास्त राहिला. रिक्त जागांवरचे वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात. त्यातले कितीतरी सेट किंवा पीएच.डी. झालेले आहेत.

जुलैमधली त्यांची धावपळ जवळून पाहिली तर परिस्थिती कळते. सकाळी एका महाविद्यालयात मुलाखत, दुपारी दुसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी मूळ प्रमाणपत्रांची फाईल, अनुभवाचे दाखले आणि विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र. नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते, मानधन बिले मंजूर झाल्यावर मिळते, उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. आयोगाने जानेवारी 2019 मध्ये अतिथी शिक्षकांसाठी प्रति तास 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये ही शिफारस केली होती. राज्यातले तासिकेचे दर नंतर वाढले, तरी या आकड्यापर्यंत पोहोचले नाहीत. तासिकेच्या शिक्षकाला ड्युटी लीव्ह नाही, कॅस नाही, संशोधन निधीसाठी अर्ज करताना तीन वर्षांची नोकरी दाखवता येत नाही. दहा वर्षे शिकवूनही त्याच्या नावापुढे सेवेचा सलग काळ जमत नाही.

विनाअनुदानित महाविद्यालयांचा प्रश्न वेगळा आहे. 2001 पासून राज्यात नवी महाविद्यालये कायम विनाअनुदानित तत्त्वावरच मंजूर होतात. तिथे वेतन शुल्कातून निघते. जुलै 2024 मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. मुलींसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे आणि कर्वेनगरातल्या महिला महाविद्यालयांत त्याचा थेट परिणाम दिसेल. त्याच वेळी शुल्काचा मोठा भाग सरकारकडून परताव्याने येणार, आणि तो लांबला तर पगाराची तारीख सांभाळणे कठीण होणार. मुलींची फी माफ करणाऱ्या सरकारने परताव्याचे वेळापत्रकही तितक्याच निश्चयाने पाळले पाहिजे.

कार्यालयातली माणसे

शुल्कमाफीच्या या योजनेचा दुसरा भार कार्यालयावर पडतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर मुलगी अर्ज भरते, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेचे (कॅप) अलॉटमेंट पत्र, आधाराशी जोडलेले बँक खाते अपलोड करते. मग महाविद्यालयातला लिपिक आपल्या लॉगिनमधून प्रत्येक कागद तपासतो, चुकला तर परत पाठवतो, बरोबर असेल तर पुढे प्राचार्यांच्या लॉगिनला सोडतो. तिथून अर्ज विभागाकडे जातो. एका चुकीच्या नावामुळे मुलीचे वर्षाचे शुल्क अडकू शकते, म्हणून तो लिपिक रात्री आठपर्यंत खिडकीवर बसतो. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, अपार क्रमांक, परीक्षा अर्ज आणि नव्या श्रेयांकांच्या गुणपत्रिका हेही याच टेबलावर. नव्या धोरणाच्या प्रशिक्षणात शिक्षकांसाठी आठ विषयसूत्रे आहेत. या टेबलासाठी तशी एकही व्यवस्था नियमितपणे चालत नाही.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा मुख्य प्रश्न बढतीचा. सेवेच्या ठरावीक वर्षांनंतर वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना हा त्यांच्या मागण्यांचा गाभा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यातल्या विद्यापीठ व महाविद्यालयांतल्या शिक्षकेतरांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि मग बेमुदत संप केला, त्यात ही मागणी अग्रभागी होती. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेल्यांसाठी तो जिव्हाळ्याचा विषय आहे. ज्यांच्याशिवाय एकही परीक्षा होत नाही, त्यांच्या मागण्या परीक्षा थांबल्यावरच ऐकल्या जाव्यात, हे शोभत नाही.

त्यांच्या वाढीचे मार्गही आहेत. अर्धवट सुटलेली पदवी पूर्ण करायला नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. प्रयोगशाळा सहायकाला नवे उपकरण हाताळण्याचे प्रशिक्षण उपकरण पुरवणाऱ्या कंपनीकडून विनामूल्य मागता येते, खरेदीच्या करारात तशी अट घातली तर. ग्रंथालय सहायकाला ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन वरच्या पदासाठी पात्र होता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनी अंतर्गत तक्रार समितीत दोन शिक्षकांबरोबर दोन शिक्षकेतर सदस्यांची जागा ठेवली आहे. ती जागा भरताना कार्यालयातल्या आणि प्रयोगशाळेतल्या स्त्रियांना विचारले जावे.

निर्णयांच्या टेबलावर

स्वायत्त महाविद्यालयाला स्वतःचे अभ्यास मंडळ, विद्वत परिषद आणि वित्त समिती असते. तिथे शिक्षक स्वतः अभ्यासक्रम ठरवतो, परीक्षेची पद्धत ठरवतो. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यापीठ पातळीवर अधिसभा, विद्या परिषद आणि अभ्यास मंडळांवर शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी ठेवले. या निवडणुकांना मतदार नोंदणी करावी लागते आणि ती बऱ्याचदा सत्राच्या सुरुवातीच्या गडबडीत निसटते. ज्या महिला महाविद्यालयांच्या भूमीवर देशातले पहिले महिला विद्यापीठ जन्माला आले, तिथल्या शिक्षिकांनी मंडळांवर आग्रहाने जागा मागावी. वरच्या टेबलावर स्त्रिया कमी असतील तर रजा, वेळापत्रक आणि पाळणाघर यांचे प्रश्न कार्यपत्रिकेवर येतच नाहीत.

2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. मुलींना अभियंता आणि वास्तुविशारद बनवणाऱ्या आवारांनी आधी आपल्या शिक्षिकेच्या बाळाची सोय पाहावी. तिथे ती सोय नीट झाली तर वर्गातल्या मुलींनाही कळेल की नोकरी आणि मूल यांतून एक निवडण्याची गरज नाही.

यंदाच्या पहिल्या बैठकीसाठी

प्रश्न मोठे असले तरी काही उपाय महाविद्यालयाच्या हातात आहेत. सत्राच्या पहिल्या स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी वर्षभराच्या संधींचे एक कॅलेंडर मांडावे: कोणता रिफ्रेशर कधी, कोणत्या निधीची मुदत केव्हा, कोणत्या निवडणुकीची नोंदणी कुठवर. त्याच कागदावर प्रत्येक संधीसमोर तास कोण घेणार हेही लिहावे. ओपन इलेक्टिव्ह आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे काम वर्कलोडमध्ये मोजावे. तासिकेच्या शिक्षकांना प्रशिक्षणाचे दिवस कामाचे दिवस म्हणून धरावेत आणि त्याचे मानधन संस्थेने द्यावे. शिक्षकेतरांसाठी सत्रात किमान दोन दिवस नव्या प्रणालींच्या प्रशिक्षणासाठी राखावेत, तेही प्रवेशाच्या धामधुमीबाहेर. ज्याचा अर्ज नाकारला, त्याला कारण लेखी द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी तो पुन्हा अर्ज करू शकेल. यातल्या एकाही गोष्टीला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

उरलेले राज्याने करायचे आहे: रिक्त पदे भरणे, तासिकेचे दर केंद्राच्या शिफारशीच्या बरोबरीला आणणे, आश्वासित प्रगती योजना नियमित राबवणे आणि शुल्क परतावा वेळेत देणे. मुलींचे शिक्षण मोफत करण्याचा निर्णय घेणाऱ्या राज्याकडून ही अपेक्षा अवाजवी नाही. यंदा पहिल्या वर्षाला आलेली मुलगी अभियांत्रिकीची पदवी घेईपर्यंत चार वर्षे या माणसांच्या हाताखालून जाईल. तिला शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला नवे शिकायला वेळ मिळाला, तासिकेच्या शिक्षकाला पुढच्या वर्षीही तो असेल याची खात्री मिळाली, आणि तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तपासणाऱ्या लिपिकाला त्याच्या कामाचे प्रशिक्षण मिळाले, तर तिच्या शिक्षणाचा दर्जा त्याच प्रमाणात वाढेल. स्त्रीशिक्षणाच्या नावाने जमा होणारा प्रत्येक रुपया खर्च करताना विश्वस्तांनी, प्राचार्यांनी आणि सरकारने एवढे पक्के धरून चालावे.